शिडाच्या भरवशावर गोव्याहून मुंबईला

परभणीपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे चारशे किलोमीटर लांब आहे. अशा गावातल्या शाळेत भूगोल शिकवणारी मी, जानेवारी २०२५ मध्ये एका छत्तीस फुटी शिडाच्या नौकेवर खलाशी म्हणून गोव्याहून मुंबईला आले. परतल्यापासून ओळखीचे आणि अनोळखी असे बरेच जण दोन प्रश्न विचारतात : यासाठी परवानगी कुणाची लागते, आणि नौकेला चांगले इंजिन असताना शिडांचा खटाटोप कशाला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागदपत्रांच्या यादीत बसते. दुसऱ्याचे बसत नाही, म्हणून सगळी हकीकत क्रमाने लिहीत आहे. ज्यांना या वाटेने जायचे असेल त्यांनी तारखा, खर्च आणि वाट पाहण्याचा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा, कारण माझा बहुतेक काळ समुद्रावर नव्हे तर त्यातच गेला.

नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी गोव्यात परतल्या, तेव्हापासून त्या प्रवासाची कात्रणे मी वर्गात वापरत असे. त्यातली एक गोष्ट मुलांना खरी वाटत नसे, ती म्हणजे ही सगळी प्रदक्षिणा केवळ वाऱ्याच्या बळावर झाली. गिरणी, विहीर, ट्रॅक्टर सगळे डिझेलवर किंवा विजेवर चालताना पाहिलेल्या मुलांचा अविश्वास मला समजत होता. खरे तर खारे वारे आणि मतलई वारे मीही फळ्यावरच्या बाणांपलीकडे पाहिलेले नव्हते. जून २०२३ मध्ये शाळा सुरू होताना मी ठरवले की निदान शीड म्हणजे काय हे हाताने धरून पाहायचे.

मराठवाड्यातल्या माणसाला शिडाची होडी शिकायची असेल तर मुंबईपेक्षा हैदराबाद सोयीचे पडते, हे फारसे कुणाला माहीत नसते. हुसेनसागर तलावावर अनेक वर्षे शिडांच्या होड्या चालतात आणि पावसाळ्यात तिथे वारा चांगला असतो. जुलै-ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी मी अजिंठा एक्सप्रेसने रात्री निघत असे आणि सकाळी तलावावर पोहोचत असे. नवशिक्यांच्या वर्गाला, राहणे-जेवण सोडून, पंधरा हजारांच्या आत खर्च आला. आई पहिल्यांदा म्हणाली, “विहिरीत उतरायला भ्यायलीस अन् समुद्रात जायलीस?” तिचे म्हणणे चुकीचे नव्हते, त्यामुळे आधी पोहणे शिकायला एका जलतरण तलावात नाव नोंदवले. पोहता येणे ही अट अनेक ठिकाणी असते.

तलावावरच्या छोट्या होडीला इंजिन नसते. मला या गोष्टीचे मोल पुढे कळले. वारा पडला तर दुसरे काही हाताशी नसते. पाण्यावरची काळसर लहर कुठून येत आहे हे बघायचे, शीड थोडे सैल सोडायचे, होडीत आपण कुठे बसलो आहोत ते बदलायचे आणि वाट पाहायची. शिडाला लोकरीचे बारीक धागे लावलेले असतात. दोन्ही बाजूंचे धागे मागे सरळ वाहू लागले की शीड बरोबर बसले, आतला फडफडला की दोर ओढायचा किंवा होडीचे तोंड वाऱ्यापासून थोडे फिरवायचे. इंजिन असलेल्या मोठ्या नौकेवर थेट शिकलेली माणसे या धाग्यांकडे क्वचितच पाहतात, असे माझे नंतरचे निरीक्षण आहे. म्हणून ज्यांना मोठ्या नौकेवर जायचे आहे त्यांनीही सुरुवात छोट्या होडीवर करावी. ती उलटते, आणि उलटलेली सरळ करायलाही शिकवते.

डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईत, ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचा ‘कॉम्पिटंट क्रू’ हा पाच दिवसांचा अभ्यासक्रम केला. त्याला पूर्वानुभवाची अट नसते, पाचही दिवस नौकेवरच राहायचे असते, आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. खर्च पन्नास हजारांच्या पुढे गेला, त्यासाठी वर्षभर बाजूला टाकलेले पैसे कामी आले. दोर बांधणे, शीड लहान करणे, रात्रीचा पहारा, माणूस पाण्यात पडल्यास काय करायचे, हे तिथे नीट शिकायला मिळाले. व्हीएचएफ रेडिओवर सोळा क्रमांकाची वाहिनी सतत ऐकायची असते आणि संकटात तीनदा ‘मेडे’ म्हणायचे असते, तेही तिथेच कळले. तटरक्षक दलाचा १५५४ हा दूरध्वनी क्रमांक मी तेव्हापासून फोनमध्ये आणि वहीत दोन्हीकडे लिहून ठेवला आहे.

त्या अभ्यासक्रमात भेटलेल्या एका गृहस्थांच्या ओळखीतून मला पुढची संधी मिळाली. या प्रवासाचे कप्तान, ज्यांना मी सर म्हणते, ते व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होते. आयुष्य इंजिनरूममध्ये काढून निवृत्त झालेला हा माणूस शिडाच्या नौकेवर इंजिनाला हात लावायला फारसा तयार नसे. ते एक जुनी नौका घेण्याच्या विचारात होते आणि व्यवहार झाला तर ती गोव्याहून मुंबईला आणायला त्यांना माणसे हवी होती. माझ्याकडून त्यांनी तीन गोष्टी मागितल्या : डॉक्टरांचे प्रकृती ठीक असल्याचे प्रमाणपत्र, स्वतःचे जीवनरक्षक जॅकेट, आणि डिझेल इंजिनाची एवढी माहिती की अंधारात, हलत्या नौकेत, फिल्टर बदलता यावा. तिसरी अट ऐकून मला आश्चर्य वाटले. इंजिन वापरायचे नसेल तर ते शिकायचे कशाला, असे मी विचारले. सर म्हणाले, “बाई, ज्याला इंजिन नीट कळतं त्यालाच त्याच्यावर किती विसंबायचं ते कळतं.”

ते शिकायला मात्र मला कुठे जावे लागले नाही. २०२४ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आमच्या गावाकडच्या मिस्त्रींच्या शेडमध्ये जाऊन बसू लागले. ट्रॅक्टर आणि पाण्याच्या पंपांची इंजिने दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली आहे. डिझेलमध्ये पाणी कसे ओळखायचे, फिल्टर कसा बदलायचा, इंजिनाने एअर धरली की नट सैल करून हातपंपाने बुडबुडे संपेपर्यंत ती कशी काढायची, हे सगळे त्यांनी माझ्याकडून करवून घेतले. त्यांचे एक वाक्य मी वहीत लिहून ठेवले : “ताई, इंजन दगा देत नसतंय, डिझल देतंय.” समुद्रावरच्या इंजिनात एक गोष्ट वेगळी असते. ते समुद्राचे पाणी ओढून थंड होते आणि त्या पंपात रबरी पात्यांचा एक छोटा पंखा असतो. पाणी ओढण्याची वाट एखाद्या प्लास्टिकच्या पिशवीने बंद झाली तर तो पंखा कोरडा फिरून थोड्याच वेळात फाटतो. मिस्त्रींनी तो कधी पाहिला नव्हता. मी सुटा पंखा मागवून त्यांना दाखवला, तेव्हा त्यांनी हातात घेऊन लगेच सांगितले की असे दोन जास्तीचे जवळ ठेवा.

आता कागदपत्रांविषयी. सप्टेंबर २०२४ मध्ये मी रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात ‘शिडाच्या नौकेतून सागरी प्रवास’ असे लिहिल्यामुळे तो अर्ज शाळेतून संस्थेकडे आणि संस्थेतून पुन्हा खुलाशासाठी शाळेकडे असा फिरत राहिला. दिवाळी गेली. शेवटी प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राची प्रत, प्रकृतीचे प्रमाणपत्र, घरच्यांचे संमतिपत्र आणि ‘प्रवासात काही झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही’ असे माझे हमीपत्र जोडल्यावर डिसेंबरच्या मध्यावर अर्धवेतनी रजा मंजूर झाली. हमीपत्रासाठी मुद्रांक आणि नोटरीचे शुल्क लागले. नोकरी करणाऱ्यांनी किमान चार महिने आधी अर्ज द्यावा आणि ही सगळी कागदपत्रे पहिल्याच दिवशी जोडावीत. विम्याचेही पाहावे. माझ्या पॉलिसीत साहसी जलक्रीडा वगळल्या होत्या, त्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागला. आपोआप फुगणारे जॅकेट आणि नौकेला अडकवून ठेवण्याचा पट्टा मिळून वीस हजारांच्या आसपास गेले. इथे मात्र काटकसर करू नये.

नौकेची कागदपत्रे सरांची जबाबदारी होती : नोंदणी, विमा, रेडिओचा परवाना, आणि संकटात उपग्रहाला संदेश देणाऱ्या ४०६ मेगाहर्ट्झच्या यंत्राची नोंदणी. हे यंत्र आपल्याकडे बंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात नोंदवतात. नोंद नसेल तर संदेश पोहोचतो, पण नौका कुणाची आणि घरच्यांना फोन कुणाला करायचा ते शोधण्यात वेळ जातो. जुन्या मालकाच्या नावावरची नोंद बदलायची असल्याने सरांनी आम्हा सगळ्यांचे घरचे क्रमांक मागून घेतले होते. खलाश्यांची यादी आणि आधारच्या प्रती आम्ही पाच-सहा संच करून नेल्या, आणि त्या सगळ्या संपल्या.

१४ जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी, मी पणजीला पोहोचले. आम्ही चौघे होतो : सर, पुण्याचे एक अभियंता गृहस्थ, हर्णेच्या बाजूचा एक तरुण ज्याचे वडील तांडेल, म्हणजे मासेमारी नौकेचे प्रमुख, आहेत, आणि मी. पुढचे दिवस तयारीत गेले. सरांनी सुरुवातीलाच एक हिशेब मांडला. टाकी १२० लिटरची, इंजिन तासाला सुमारे तीन लिटर डिझेल खाणार, म्हणजे चाळीस तास. शांत पाण्यात पाच नॉट, म्हणजे तासाला पाच सागरी मैल, वेग धरला तर दोनशे सागरी मैल. गोवा ते मुंबई अंतर सुमारे २२० सागरी मैल, आणि जानेवारीत दुपारभर वारा वायव्येचा, म्हणजे जवळजवळ तोंडावर. समोरच्या लाटांत हीच नौका तीन नॉटांवर येते. मग टाकी दीडशे मैलांनाही पुरत नाही. “हे किनाऱ्यालगत आहे, मध्ये बंदरं आहेत,” सर म्हणाले. “भर महासागरात हजार मैलांचा पल्ला असेल तर हेच इंजिन पहिल्या दोन दिवसांचं असतं. बाकीचं तुमचं तुम्ही बघायचं.”

इंजिनावरचे अवलंबन केवळ पुढे जाण्यापुरते नसते, हे मला त्या दिवसांत समजले. बॅटऱ्या इंजिनावर भरतात, आणि बॅटरीवर दिवे, रेडिओ, नकाशाचा पडदा, स्वयंचलित सुकाणू, फ्रिज असे सगळे चालते. इंजिन न लावता काय काय चालू राहील याची यादी केली, तेव्हा सौरपट्टीवर रात्रीचे दिवे आणि रेडिओ एवढेच बसत होते. फ्रिज बंद झाला. सुकाणू हाताने धरायचे ठरले. डेहराडूनच्या नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिसचे कागदी नकाशे काढले आणि त्यावर पेन्सिलने दर तासाला ठिकाण नोंदवायचे ठरले. पाणी पुरवून वापरण्याचा धडा तेवढा मला कुणी द्यावा लागला नाही. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आले त्या उन्हाळ्यात आमच्याकडेही टँकरच होते. एका तांब्यात तोंड धुऊन उरलेल्या पाण्यात भांडे विसळणारी बाई पाहून पुण्याचे गृहस्थ चकित झाले.

मांडवीत नांगरावर असताना सरांनी इंजिनाची किल्ली खिशात ठेवून सराव घेतला. केवळ शिडावर नांगर उचलायचा, नदीत फिरून पुन्हा त्याच जागी येऊन टाकायचा. शीड लहान करायचे, तेही डोळे मिटून, हाताला दोर ओळखू येईपर्यंत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो, त्यामुळे ‘आता लहान करावे का’ असे मनात आले की करून टाकायचे. जवळच आयएनएस मांडवी हा नौदलाचा तळ आहे, ‘तारिणी’ची परिक्रमा तिथूनच सुरू झाली. नौदलातल्या अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये ज्या ‘म्हादेई’ नौकेतून एकट्याने, कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली तीही पलीकडच्या दिवाडी बेटावर बांधलेली. सर म्हणाले की त्या प्रवासांतल्या वादळांच्या गोष्टी सगळे सांगतात, पण निघण्याआधी एकेक दोर आणि एकेक पिन तपासण्यात गेलेले महिने कुणी विचारत नाही.

१७ जानेवारीला पहाटे, ओहोटी आणि जमिनीवरून येणारा मतलई वारा धरून आम्ही मांडवीच्या मुखावरच्या आग्वादच्या बाहेर पडलो. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा सागरी अंदाज आदल्या रात्री पाहिला होता. लाटा मीटरभर, वारा मध्यम, काळजीचे काही नाही. मी ॲव्होमिनची गोळी रात्रीच घेतली होती. ती मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो.

यापुढचा भाग मी थोडा सविस्तर सांगते, कारण भूगोलाच्या पुस्तकातला एक परिच्छेद तिथे प्रत्यक्ष वापरात होता. गोव्याहून मुंबईची दिशा उत्तर-वायव्य. शिडाची नौका वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून नागमोडी जावे लागते, आणि त्यामुळे सरळ शंभर मैलांचे एकशेचाळीस होतात. पण हिवाळ्यात या किनाऱ्यावर वारा दिवसातून दोनदा बदलतो. मध्यरात्रीनंतर जमीन थंड झाली की ईशान्य-पूर्वेकडून मतलई वारा येतो, आणि तो आडवा मिळाल्याने नौका हव्या त्या दिशेला सरळ धावते. सकाळी तो मरतो. दुपारी जमीन तापली की वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. त्यात उत्तरेकडे तोंड करून जाता येते, पण तशी वाट हळूहळू किनाऱ्याकडे सरकते. म्हणून रात्री किनाऱ्याजवळून निघून पहाटेपर्यंत दहा-बारा मैल बाहेर पडायचे, म्हणजे दुपारी खारा वारा आला की उत्तरेकडे एकच लांब पल्ला मारायला जागा राहते. संध्याकाळी पुन्हा किनाऱ्याजवळ यायचे, कारण मतलई वारा फार बाहेर पोहोचत नाही. हर्णेच्या मुलाला यात नवल वाटले नाही. त्याच्या आजोबांचा मचवा असाच मुंबईला जात असे. भर म्हणून, हिवाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा सागरी प्रवाह उत्तरेकडे वाहतो, त्यामुळे वारा पडलेला असतानाही नौका थोडी थोडी मुंबईकडे सरकत होती.

पहिल्या संध्याकाळी वेंगुर्ल्याचे खडक सूर्यास्तापूर्वी दिसले आणि ते अंधारात जवळ नकोत म्हणून आम्ही समुद्राकडे वळलो. रात्री अपेक्षेप्रमाणे वारा आला. १८ तारखेची सकाळ मालवणच्या उत्तरेला उजाडली. मात्र त्या दिवशी खारा वारा कमजोर होता, आणि देवगडच्या जवळ संध्याकाळी तो पूर्ण पडला. बाहेरच्या लाटा तशाच होत्या, त्यामुळे नौका जागच्या जागी डुलू लागली, शीड प्रत्येक डोलण्याबरोबर आपटू लागले, आणि माझे पोट बिघडले. वादळापेक्षा ही स्थिती माणसाला अधिक चिडचिडी करते. पुण्याचे गृहस्थ म्हणाले की इंजिन असताना हे सोसणे म्हणजे हट्ट आहे, आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. उशीर झाला तर थकवा वाढतो आणि थकलेली माणसे चुकतात. हर्णेचा मुलगा तेवढा म्हणाला, “ताई, जरा थांबा, वारा येईल.” सरांनी दोन्ही बाजू ऐकून अंधार पडण्याआधी तासभर इंजिन लावायचे ठरवले.

ते तासभर चालले नाही. चाळीसेक मिनिटांत त्याचा आवाज खाली-वर होऊ लागला आणि ते बंद पडले. फिल्टरच्या काचेच्या वाटीत काळा चिखल होता. जुन्या मालकाकडे नौका अर्ध्या टाकीनिशी पावसाळाभर उभी होती. अशा टाकीत दमट हवेचे पाणी साचते, पाणी आणि डिझेलच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात, आणि त्यांचा गाळ तळाशी बसून राहतो. बंदरात तो हलत नाही. समुद्रावर नौका डोलू लागली की वर येतो, म्हणजे ज्या वेळी इंजिन हवे असते नेमक्या त्याच वेळी. फिल्टर मी बदलला. डिझेलचा वास, विजेरी दातांत, नौका डोलते आहे, अशा स्थितीत एअर काढायला मिस्त्रींच्या शेडपेक्षा तिप्पट वेळ लागला. इंजिन सुरू झाले आणि थोड्या वेळाने पुन्हा बंद पडले. दुसरा फिल्टर सरांनी बदलू दिला नाही. जवळ दोनच उरले होते आणि ते मुंबईच्या तोंडाशी लागणार होते. मध्यरात्रीच्या सुमारास मतलई वारा आला.

१९ तारखेला सकाळी विजयदुर्गच्या समोर थांबून आम्ही खाऱ्या वाऱ्याची वाट पाहिली, म्हणजे भरतीबरोबर आत जाता यावे. पुढचे शीड गुंडाळले, केवळ मुख्य शिडावर किल्ल्याला वळसा घातला, आत जागा पाहून नौका वाऱ्याच्या तोंडावर फिरवली, आणि तिचा वेग संपून ती मागे सरकू लागताच नांगर सोडला. खोली पाच मीटर होती, भरतीचा विचार करून तीस मीटर साखळी दिली. मांडवीत नाइलाजाने केलेला सराव इथे जसाच्या तसा उपयोगी पडला. सागरी पोलिसांनी येऊन यादी आणि आधार पाहिले, कुठून आलो ते विचारले, आणि परभणीचे नाव ऐकून आधारवरचा पत्ता पुन्हा एकदा वाचला.

तिथे आम्ही टाकीतले डिझेल हातपंपाने काढले, दुपदरी फडक्यातून गाळले, तळाचे सगळे टाकून दिले आणि एका ओळखीच्या तांडेलाकडून ताजे डिझेल घेऊन कॅनमध्येच ठेवले. गरज पडली तर थेट कॅनमधून नळी जोडायची, असे ठरले. पूर्ण सफाई तिथे शक्य नव्हती.

२० तारखेला पहाटे निघाल्यावर वाऱ्याने वेळापत्रक पाळले. रात्रीचे पहारे तीन तासांचे होते, दोघे वर आणि दोघे झोपलेले. मासेमारीच्या जाळ्यांवर थर्मोकोलचे तुकडे किंवा छोटे झेंडे असतात आणि ते रात्री दिसत नाहीत. इंजिन चालू असेल तर असे जाळे नौका पुढे ढकलणाऱ्या, पाण्यातल्या पंख्याला गुंडाळते आणि मग पाण्यात उतरून कापावे लागते. शिडावर जातानाही ते सुकाणूला अडकू शकते, पण बहुतेक वेळा तळाखालून निसटते. एकदा तसे निसटलेले आम्हाला ऐकूही आले. जयगडच्या समोर मात्र, मोठी मालवाहू जहाजे ये-जा करत असताना रात्री वारा पडला, तेव्हा सरांनी क्षणभरही विचार न करता इंजिन लावले आणि जहाजांची वाट ओलांडेपर्यंत चालू ठेवले. स्वतःची नौका बाजूला काढण्याचे साधन हाताशी असताना दोनशे मीटर लांबीच्या जहाजासमोर शिडाची शुद्धता जपत बसणे हा त्यांच्या मते निव्वळ अडाणीपणा आहे, आणि माझेही मत आता तेच आहे.

दाभोळ, हर्णे, श्रीवर्धन मागे पडले. हर्ण्याच्या समोरून जाताना मुलाने घरी फोन केला. २३ तारखेच्या रात्री खांदेरीच्या दीपगृहाच्या दक्षिणेला आम्ही पुढचे शीड उलट्या बाजूला बांधून आणि सुकाणू अडकवून नौका जागच्या जागी रोखली. या स्थितीत ती शांत राहते आणि सावकाश सरकते. अंधारात मुंबईच्या जहाजांच्या गर्दीत शिरण्यापेक्षा उजाडेपर्यंत थांबणे बरे होते, आणि तेवढ्या वेळात चौघांनाही गरम खिचडी मिळाली. मुंबईला उधाणात पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक चढउतार करते आणि बंदराच्या तोंडाशी प्रवाह जोरदार असतो. अष्टमी नुकतीच झालेली असल्याने आम्हाला भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे, दिवस मिळाले होते. तारीख ठरवताना सरांनी पंचांग का मागितले होते ते तेव्हा उमगले. २४ तारखेला सकाळी प्रॉंग्जच्या दीपगृहाजवळ कॅनची नळी जोडून इंजिन लावले, शिडे मात्र उतरवली नाहीत, आणि फेरीबोटींच्या मधून आत आलो.

ज्यांना अशा प्रवासात सामील व्हायचे असेल त्यांनी कप्तानाला दोन गोष्टी निघण्याआधी विचाराव्यात : टाकी शेवटची कधी साफ केली, आणि शिडावर नांगर शेवटचा कधी टाकला. खर्चाचे म्हणाल तर प्रशिक्षण, जॅकेट, विमा, रेल्वे आणि प्रवासातला वाटा धरून माझे दीड वर्षात एक लाख वीस हजारांच्या आसपास गेले. नौकेची टाकी सरांनी फेब्रुवारीत मुंबईत उघडून घेतली, तेव्हा तळाशी बोटभर जाडीचा थर निघाला. आत हात घालून साफ करता येईल असे झाकण आता तिला बसवले आहे. त्याचा खर्च आम्ही चौघांनी वाटून घेतला, माझ्या वाट्याला साडेतीन हजार रुपये आले.